अमरपट्ट्याची भट्टी

नानजिंग शहराजवळ श्यांगशान नावाची टेकडी आहे. 1965 साली तिथे एक जुनी कबर उघडली, तेव्हा आतल्या लेखावरून कळलं की ती वांग दानहू नावाच्या बाईंची. पूर्व जिन राजवटीत वांग घराणं म्हणजे दरबारातलं मोठं प्रस्थ. चिनी सुलेखनात ज्याचं नाव आजही लोक कानाची पाळी पकडून घेतील, तो वांग शीझी या बाईंचा चुलतभाऊ. बाई इसवी सन 359 मध्ये गेल्या, वय 58. त्यांच्यासोबत पुरलेल्या वस्तूंमध्ये 200 हून जास्त लाल गोळ्या निघाल्या. तपासणीत त्यांत पारा आणि गंधक सापडले. म्हणजे हिंगूळ.

मी औषधांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये नोकरी करते. गोळीत पारा किती, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. पोटात घ्यायच्या औषधातून माणसाच्या अंगात दिवसाला 30 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पारा जाऊ नये, अशी मर्यादा आमच्या कागदांवर असते. एक ग्रॅम शुद्ध हिंगुळात साधारण 860 मिलिग्रॅम पारा असतो. म्हणजे मर्यादेच्या 28,000 पटींहून जास्त. अशी बॅच माझ्या टेबलावर आली तर मी रिपोर्ट लिहीत बसणार नाही, थेट फोन उचलेन.

तरीही त्या गोळ्यांनी बाईंना मारलं, असं मी म्हणणार नाही. हिंगूळ पाण्यात विरघळत नाही, आतड्यातही फारसा शोषला जात नाही, बराचसा तसाच शौचावाटे निघून जातो. खरी गडबड तो तापवला की सुरू होते. पाऱ्याची वाफ सुटते आणि ती थेट फुप्फुसात जाते. त्यात मनशीळ आणि हरताळ ही आर्सेनिकची खनिजं, शिवाय शिसं मिसळलं तर विचारायलाच नको. गोळी खाणाऱ्याइतकीच गोळी करणाऱ्याचीही काळजी वाटावी असा हा धंदा.

ताओ पंथातल्या या विद्येला चिनीत वायदान म्हणतात, म्हणजे शरीराबाहेर, भट्टीत चालणारी किमया. तिच्याबद्दल वाचताना आपल्याला आधी हसू येतं. राजे लोक पारा खाऊन अमर व्हायला निघाले आणि पटापट मेले, ही गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला मजेची. पण मूळ लिखाणाची भाषांतरं वाचत गेले तसं माझं हसू ओसरलं. ही माणसं खुळी नव्हती. त्यांचा युक्तिवाद आमच्या मीटिंगमधल्या पुष्कळ युक्तिवादांपेक्षा नीट बांधलेला होता. आणि नेमकी तीच त्यातली भीतीदायक गोष्ट आहे.

गे होंग या किमयागाराचंच घ्या. जन्म 283, मृत्यू 343. आपल्या ग्रंथात त्यानं सोनं आणि हिंगूळ यांवर एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. त्याचं म्हणणं साधारण असं: झाडपाल्याची औषधं पुरली तर कुजतात, शिजवली तर त्यांचा लगदा होतो, जाळली तर कोळसा होतात. ज्यांना स्वतःलाच टिकता येत नाही, ती माणसाला काय टिकवणार? उलट सोनं पाहा. शंभर वेळा आगीत घाला, घटत नाही. जमिनीत पुरा, युगं लोटली तरी गंजत नाही. आणि हिंगूळ तर त्याहून नवलाचा. लाल दगड भाजला की त्यातून चकचकीत, पळता पारा निघतो, आणि त्या पाऱ्यावर पुन्हापुन्हा संस्कार करत गेलं की तो फिरून लाल होतो. मरतो आणि परत येतो. जे आगीत जाऊन परत येतं ते पोटात घेतलं तर तो गुण अंगात का उतरू नये? भात खाऊन माणूस दिवस काढतोच ना? मग त्याहून चिवट काहीतरी खाल्लं तर जास्त दिवस निघायला हवेत.

यात निरीक्षणं सगळी खरी आहेत. सोनं खरंच गंजत नाही. हिंगूळ खरंच पारा होतो आणि पारा खरंच पुन्हा लाल होतो. चूक फक्त एका पायरीवर आहे, पदार्थाचा गुण खाणाऱ्यात उतरतो या पायरीवर. आणि ती पायरी तर आपणही रोज चढतो. रक्त वाढावं म्हणून बीट खा, लाल आहे म्हणून, असं सांगणाऱ्या मावश्या माझ्या नात्यात अजून आहेत.

पारा परत लाल होताना मी पाहिला आहे. एक वैद्य मैत्रीण आयुर्वेद महाविद्यालयात रसशास्त्र, म्हणजे पारा-धातूंची औषधं करायची विद्या, शिकवते, तिच्या रसशाळेत रससिंदूर नावाचं पाऱ्याचं औषध लावलं होतं तेव्हा तिनं बोलावलं. पारा आणि गंधक खलात घोटून घोटून काजळासारखी कज्जली केलेली होती, चमक पूर्ण मरेपर्यंत घोटलेली. ती काचकूपीत भरली होती. कूपीला मुलतानी माती आणि कापडाचे सात थर, म्हणजे कापडमाती, एकेक थर वाळवून मग पुढचा. ही कूपी वाळूनं भरलेल्या भांड्यात गळ्यापर्यंत पुरलेली, त्याला म्हणतात वालुकायंत्र. खाली आच आधी मंद, मग मध्यम, मग तीव्र. गंधकाचा पिवळट धूर सुटला की कूपीच्या गळ्यात थर धरायला लागतो, तो साचून तोंड बंद झालं तर कूपी फुटायची भीती. म्हणून मैत्रीण तापवून लाल केलेली सळई मधूनमधून गळ्यात फिरवत होती. थोड्या वेळानं तोंडाशी निळी ज्योत आली, मग ती विझली. तिनं मला वाकून आत बघायला सांगितलं. कूपीच्या तळाशी लालबुंद गोळा दिसत होता, उगवत्या सूर्यासारखा. ग्रंथांतही त्या खुणेला सूर्योदयच म्हणतात. मग तिनं तांब्याचा तुकडा तोंडावर धरला, त्यावर चंदेरी झाक आली, आणि लगेच कूपीला बूच मारलं. दुसऱ्या दिवशी कूपी थंड झाल्यावर रॉकेलात भिजवलेला दोरा तिच्याभोवती गुंडाळून पेटवला आणि वर ओलं फडकं लावलं. तड् करून कूपी दुभंगली. गळ्याच्या आतल्या बाजूला गडद लाल स्फटिकांचा कडक थर होता, सुरीनं खरवडून काढावा लागला.

शास्त्राच्या भाषेत तो मर्क्युरिक सल्फाइड. म्हणजे हिंगूळच, हातानं केलेला. काळ्या पुडीचा असा लाल दगड होताना पाहिल्यावर माझ्यासारख्या रोज यंत्राच्या आकड्यांवर जगणाऱ्या बाईच्याही मनात क्षणभर काहीतरी हललं. चौथ्या शतकातल्या माणसाचं काय झालं असेल!

चिनी भट्टीतही भर सगळी बंदिस्तपणावर. तिथे कापडमातीच्या जागी त्यांचा सहा-एक चिखल. सहा अधिक एक, म्हणजे जिन्नस सात: तुरटी, दोन प्रकारचं मीठ, सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा, खनिज दगड, कालवांचे शिंपले, लाल माती, शंखजिरं. कुटून, चाळून, व्हिनेगरमध्ये कालवून मातीच्या दोन वाट्यांना आतून-बाहेरून लेप द्यायचा, उन्हात वाळवायचा, पुन्हा द्यायचा. मग माल भरून एक वाटी दुसरीवर पालथी घालायची आणि सांधा त्याच चिखलानं बंद करायचा. केसाएवढी फट राहिली तर सार उडून जाणार आणि कष्ट फुकट. कृती सांगताना हे ग्रंथकार एकदम कारागिरासारखे बोलायला लागतात, किती थर, किती जाड, किती दिवस सुकवायचं. सातव्या शतकातला सुन सिमियाओ तर मुळात मोठा वैद्य. त्याच्या किमयेच्या पुस्तकातल्या कृती इतक्या व्यवहारी आहेत की वाचताना मला आमच्या एसओपी, म्हणजे कामाच्या ठरवून दिलेल्या लेखी पद्धती, आठवल्या. अमरत्वाबद्दल फारशी बडबड नाही, भांडं कसं करायचं ते बोला.

त्यांचा काळाचा हिशेबही विलक्षण. धरणीच्या पोटात खनिजं आपोआप पिकत असतात, असं ते मानत. निसर्गात अमृतगोळी तयार व्हायला 4320 वर्षं लागतात. चिनी दिवसाचे प्रहर 12, वर्षाचे दिवस 360, म्हणजे वर्षाचे प्रहर 4320. भट्टीतला एक प्रहर म्हणजे निसर्गातलं एक वर्ष, असं गणित बसवलं की वर्षभरात काम फत्ते. आच केव्हा वाढवायची, केव्हा उतरवायची, कोळसा किती तोलून घालायचा, ते या गणितावर ठरे, जणू भट्टीत ऋतू फिरवायचे. आपल्याकडचं महायुग 43,20,000 वर्षांचं, हे लगेच लक्षात येतंच. मी त्यावरून काही सिद्ध करायला जाणार नाही. 12 आणि 360 घेऊन बसलं की हे आकडे कुणाच्याही हातात येतात.

गे होंगबद्दल मला जिव्हाळा वाटतो तो एका ओळीमुळे. सगळ्या थोर कृती लिहून झाल्यावर तो कबूल करतो की, हे ग्रंथ हाती येऊन वीसेक वर्षं झाली, पण गाठीला पैसा नाही, त्यामुळे करून बघता आलेलं नाही, नुसते उसासे टाकतो आहे. सोनं, हिंगूळ, मनशीळ, शिवाय डोंगरातली निर्जन जागा, शुद्धी, उपास, हे सगळं गरिबाला कुठून जमणार? पुढे दक्षिणेत, आजच्या व्हिएतनामच्या बाजूला, चांगला हिंगूळ मिळतो असं ऐकून त्यानं मुद्दाम तिकडची लहानशी नोकरी मागितली. बढती सोडून बदली मागणारा माणूस! वाटेत ग्वांगझोऊच्या सुभेदारानं अडवलं, पुढे जाऊ दिलं नाही, तेव्हा तो तिथल्याच लुओफू डोंगरावर राहिला, लिहीत आणि भट्टी लावत. तो गेला तेव्हा चेहरा जिवंत माणसासारखा होता, अंग मऊ होतं, आणि पेटीत ठेवताना प्रेत रिकाम्या कपड्यांसारखं हलकं लागलं, असं इतिहासात नोंदलं आहे. म्हणजे तो मेला नाही, देह सोडून निसटला.

इथे या विद्येचं खरं कुलूप आहे. ताओ पंथीयांनी मरणाचीच सोय करून ठेवली होती. सिकाडा किडा जसा झाडावर टरफल ठेवून उडून जातो, तसा सिद्ध पुरुष प्रेत मागे ठेवून जातो. तुम्हाला दिसतं ते टरफल. झालं! आता या गोळीला नापास करणार कसं? ज्यानं खाल्ली आणि जगला त्याला गुण आला. ज्यानं खाल्ली आणि मेला त्याला तर पूर्णच गुण आला.

मधल्या पायऱ्यांचीही तजवीज होती. गोळी घेतल्यावर काय काय होईल याची यादी एका जुन्या ग्रंथात आहे: अंगावर आणि तोंडावर किडे फिरल्यासारखी खाज सुटेल, हातपाय सुजतील, अन्नाचा वास सोसणार नाही, खाल्लेलं उलटून पडेल. घाबरू नका, ही औषध लागू पडल्याची आणि आतले जुने रोग बाहेर निघत असल्याची चिन्हं आहेत. आमच्याकडे अशा यादीला प्रतिकूल परिणाम म्हणतात आणि ती भरून पाठवायला मुदत असते. यादी तीच, वरचं शीर्षक बदललं की सगळं बदललं.

वेई बोयांग या किमयागाराची दंतकथा याच कुलपाची किल्ली आहे. तो तीन शिष्य आणि एक कुत्रा घेऊन डोंगरात गेला. गोळी तयार झाली. आधी कुत्र्याला दिली, कुत्रा मेला. वेई म्हणाला, आता कुठल्या तोंडानं घरी परत जाऊ? आणि स्वतः खाऊन तोही पडला. एक शिष्य म्हणाला, गुरुजी साधा माणूस नव्हे, यात काहीतरी अर्थ असणार. त्यानंही घेतली, तोही गेला. उरलेले दोघं म्हणाले, हे खाऊन मरण्यापेक्षा न खाता थोडी वर्षं तरी जगू, आणि पेट्या आणायला डोंगर उतरले. ते गेल्यावर वेई उठून बसला, शिष्याला आणि कुत्र्याला उठवलं, आणि तिघं अमर होऊन चालते झाले. गोष्ट फार सुंदर रचली आहे. पण ती कुणाला शहाणं ठरवते पाहा. पुरावा डोळ्यांनी बघून जे दोघं मागे हटले, ते कथेत करंटे. मी त्या दोघांच्या बाजूची. आमच्या खात्याचे मूळपुरुष म्हणून त्यांचा फोटो लावायला माझी हरकत नाही.

चीनचा पहिला सम्राट शिहुआंग याची कथा सगळ्यांना माहीत असते, तिच्यावर फार वेळ घालवत नाही. त्यानं शू फू नावाच्या माणसाला मुलंमुली देऊन समुद्रात अमरांची बेटं शोधायला पाठवलं, स्वतः दौऱ्यावर असताना इसवी सनपूर्व 210 मध्ये वारला, आणि बातमी फुटू नये म्हणून प्रेताच्या गाडीसोबत खारवलेल्या मासळीच्या गाड्या चालवल्या. त्याच्या थडग्यात पाऱ्याच्या नद्या केल्याचं जुना इतिहासकार सिमा च्यान लिहितो, आणि तिथल्या मातीत पाऱ्याचं प्रमाण खरोखर जास्त आढळलं आहे. पण तो पाऱ्याच्या गोळ्या खाऊन मेला हे जे ठोकून सांगितलं जातं, ते सिमा च्याननं कुठेही म्हटलेलं नाही.

पुरावा हवा तर थांग राजवटीकडे, म्हणजे सातव्या ते दहाव्या शतकाकडे, यावं. आणि तिथल्या पहिल्याच प्रकरणात आपल्याकडचा माणूस भेटतो.

ह्युएन त्संगचं प्रवासवर्णन 646 मध्ये सम्राट ताइझोंगला सादर झालं. त्यात कोसल देशाच्या प्रकरणात नागार्जुन या बौद्ध आचार्याची गोष्ट आहे. नागार्जुनाला रसायन येत होतं, त्यानं स्वतःचं आयुष्य कित्येक शतकं वाढवलं होतं आणि आपल्या आश्रयदात्या सातवाहन राजाचंही. सातवाहन म्हटलं की आपल्याला पैठण आणि नाणेघाट आठवतो, पण इथे प्रश्न युवराजाचा आहे. तो आईला विचारतो, मी गादीवर बसणार कधी? आई म्हणते, तुझा बाप शेकडो वर्षांचा झाला, किती मुलं-नातवंडं म्हातारी होऊन गेली. नागार्जुन आहे तोवर तुझा नंबर लागायचा नाही. बोधिसत्त्व मागितलेलं काहीही देतो, जा, त्याचं डोकं माग. मुलगा जातो, मागतो. नागार्जुन म्हणतो, मी गेलो की तुझा बापही जाईल रे. आणि वाळक्या गवताच्या पात्यानं स्वतःचा गळा कापतो. बातमी ऐकून राजाही प्राण सोडतो. अमृताची एवढी मोठी अडचण इतक्या सरळपणे दुसऱ्या कुणी सांगितलेली मला ठाऊक नाही. अमर बापाच्या मुलानं करायचं तरी काय?

ताइझोंगनं गोष्टीतला तेवढा भाग सोडून दिला असावा. दोनच वर्षांनी, 648 मध्ये, त्याचा दूत वांग श्वानत्से भारतातून परतला. हर्षवर्धनाच्या मृत्यूनंतरच्या धामधुमीत त्याच्यावर हल्ला झाला होता, त्यानं तिबेट आणि नेपाळचं सैन्य आणून बदला घेतला आणि कैदी पकडून राजधानी चांगआनला नेले. त्यांत एक नारायणस्वामी होता. वय 200 वर्षं, असं तो स्वतःच सांगे. सम्राटानं त्याला ठेवून घेतलं, चित्रविचित्र वनस्पती आणि दगड गोळा करायला देशभर माणसं पिटाळली. औषध तयार व्हायला बरेच महिने लागले. 649 मध्ये ताइझोंग वारला. पुढच्या सम्राटानंही दुसऱ्या एका भारतीयाकडून तसलंच औषध घ्यायचं ठरवलं, तेव्हा एका मंत्र्यानं आठवण करून दिली: मागच्या महाराजांना त्या औषधाचा काही उपयोग झाला नाही, अखेरच्या दुखण्यात नावाजलेल्या वैद्यांनाही काही सुचेना, आणि लोक त्या परदेश्याला मारा म्हणत होते, पण परकी राज्यं हसतील म्हणून सोडून दिलं. ताइझोंग नक्की कशानं गेला हे कुणी छातीठोकपणे सांगू नये. पण आब राखण्यासाठी चौकशी गुंडाळायची पद्धत किती जुनी आहे, ते इथे कळतं.

नववं शतक सगळ्यात वाईट. श्यानझोंग सम्राटानं ल्यू मी नावाच्या किमयागाराला चक्क ताइझोऊ प्रांताचा सुभेदार केलं, कारण तिथल्या डोंगरात दिव्य वनस्पती आहेत असं तो म्हणाला. वनस्पती सापडल्या नाहीत. गडी बायकामुलं घेऊन डोंगरात पळाला, पकडून आणला गेला, आणि सम्राटानं त्याला पुन्हा दरबारात घेऊन त्याच्याच गोळ्या सुरू केल्या. पेई लिन नावाच्या अधिकाऱ्यानं अर्ज केला: औषध करणाऱ्यानं आधी स्वतः वर्षभर खावं, मग महाराजांनी घ्यावं. नवव्या शतकातली ही मागणी आहे आणि आजही हिला नावं ठेवता येणार नाहीत. पेई लिनची राजधानीबाहेर हकालपट्टी झाली. गोळ्यांनी सम्राटाचा स्वभाव इतका भडकू झाला की जवळच्या खोजांना जीव मुठीत धरून राहावं लागे, आणि 820 मध्ये त्यांनीच त्याला संपवलं असं मानतात. मुलगा मूझोंग गादीवर आला, त्यानं ल्यू मीला फटके मारून ठार केलं. शाबास म्हणावं तर थोड्याच वर्षांत तोही गोळ्यांवर आला आणि 824 मध्ये ऐन तिशीच्या आत गेला. वूझोंग 846 मध्ये गेला, तोही तसाच. त्याच्या जागी आलेल्या श्वानझोंगनं वूझोंगच्या ताओ गुरूला मारून टाकलं. आणि 859 मध्ये स्वतः गोळ्यांनीच मेला.

मागच्याचा वैद्य भोंदू, माझा खरा. एवढं एकदा मनाशी धरलं की समोर प्रेतांची रांग लागली तरी फरक पडत नाही.

बाहेरच्या लोकांना मात्र दिसत होतं. हान यू या लेखकानं 823 मध्ये आपल्या नात्यातल्या एका जावयाचा मृत्युलेख लिहिला, त्यात त्यानं नावानिशी माणसं मांडली आहेत. जावयानं शिशानं भांडं भरून मध्ये खळगा करायचा, त्यात पारा ओतायचा, कडा बंद करून जाळायचं, ही कृती शिकून घेतली. गोळ्या सुरू केल्यावर रक्त पडायला लागलं, चार वर्षांत वयाच्या 48 व्या वर्षी गेला. ग्वेई देंग नावाचा मंत्री सांगे की, टाळूपासून खालपर्यंत तापलेली लोखंडी सळई घातल्यासारखं होतं, मरण द्या. त्याच्या झोपायच्या चटईवर पारा सापडत असे. दहा वर्षांहून जास्त काळ तो रक्त थुंकत होता. चटईवरचा पारा! रोज सकाळी ती चटई झटकणाऱ्या नोकराबद्दल कुणीच काही लिहून ठेवलेलं नाही. त्याच्या श्वासात काय गेलं असेल याचा हिशेब फक्त माझ्यासारखीच करत बसणार.

याच भट्ट्यांनी जगाला दुसरंही काही दिलं, ते सगळे सांगतात म्हणून मी थोडक्यात सांगते. गंधक, मनशीळ, सोरा आणि मध एकत्र तापवू नका, काहींचे हात-तोंड भाजले आणि घर जळून गेलं, असा इशारा एका थांगकालीन पोथीत आहे. 1044 पर्यंत त्याच मसाल्याच्या, म्हणजे बंदुकीच्या दारूच्या, कृती लष्करी ग्रंथात आल्या होत्या. आणि गे होंग, ज्यानं झाडपाल्याला कुजकं म्हणून हिणवलं होतं, त्यानंच तातडीच्या उपचारांच्या एका पोथीत हिवतापासाठी लिहून ठेवलं: मूठभर छिंगहाव (एक वनस्पती) पाण्यात भिजवा, पिळून रस काढा, सगळा प्या. 1971 मध्ये चिनी शास्त्रज्ञ थू योयो बाईंनी ही ओळ वाचली आणि त्यांच्या लक्षात आलं की यात उकळायला सांगितलेलंच नाही. त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला, आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचं औषध मिळालं, 2015 मध्ये नोबेल. आयुष्यभर दगडांच्या मागे लागलेल्या माणसानं लाखो जीव वाचवले ते शेवटी पाल्यानंच, आणि तेही आच न लावता.

आपल्याकडे या विद्येची सख्खी बहीण आहेच. रसार्णव या जुन्या रसग्रंथात म्हटलंय, यथा लोहे तथा देहे. पाऱ्याची परीक्षा आधी धातूवर, मग देहावर. पण महाराष्ट्रातल्या घरांत पारा अमरत्वाचं आश्वासन घेऊन फारसा आला नाही. आला तो हेमगर्भाच्या मात्रेच्या रूपानं. सोनं, तांबं, पारा, गंधक यांची ती पक्की कांडी. आमच्या आजोबांच्या शेवटच्या रात्री गावातल्या वैद्यांनी ती सहाणेवर मधात उगाळून त्यांच्या जिभेला लावली होती. आजोबा वाचावेत अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. मुंबईहून निघालेला काका पोचेपर्यंत शुद्धीवर यावेत आणि काय ते बोलावं, एवढंच. ते डोळे उघडून बोलले, विहिरीच्या वाट्याबद्दल. मात्रेनं बोलले की विहिरीच्या विषयानं, हे मी त्याही वेळी ठरवू शकले नसते. पण निदान मात्रेकडून मागणं काय होतं ते सगळ्यांना स्पष्ट ठाऊक होतं, आणि ते तासाभराचं होतं.

चीनमध्ये थांगनंतर बाहेरच्या भट्ट्या हळूहळू थंडावल्या. शब्द तेच राहिले, शिसं, पारा, कढई, आच, पण आता ते सगळं शरीराच्या आत, श्वासात आणि ध्यानात चालायचं. याच आतल्या किमयेच्या परंपरेतला च्यू छूजी. त्याची कीर्ती ऐकून चंगीझ खानानं त्याला बोलावणं धाडलं. म्हातारा सत्तरी ओलांडलेला. शानदोंगहून 1220 मध्ये निघाला, मंगोलिया, समरकंद करत 1222 मध्ये हिंदुकुशाच्या पायथ्याशी खानाच्या तळावर पोचला. खानानं ख्यालीखुशाली विचारली आणि सरळ मुद्द्याला हात घातला: लांबून आलात, माझ्यासाठी अमरत्वाचं कोणतं औषध आणलंत?

समोर कोण बसलं आहे याचा विचार केला की पोटात गोळा येतो. तोवरच्या हजार वर्षांतल्या कुठल्याही दरबारी किमयागारानं इथे डबी उघडली असती. च्यू छूजी म्हणाला, आयुष्य जपायचे उपाय आहेत, अमर करणारं औषध नाही.

खान खूश झाला. खरं बोललास म्हणाला, जवळ तंबू दिला, नंतर त्याच्याकडून संयमाची प्रवचनंही ऐकली. परत जाताना च्यू छूजीच्या पंथाला करमाफीचं फर्मान मिळालं, आणि त्या एका कागदावर उत्तर चीनमधले मठ भराभर वाढले. खान आणि म्हातारा, दोघंही 1227 मध्येच वारले. च्यू छूजीला पुरलं ती जागा बीजिंगच्या पांढऱ्या ढगांच्या मठात आहे. मठ अजून चालू आहे.